गाडीचा इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि इंजिन प्रोटेक्ट : सहा वर्षं, दोन मोठी बिलं आणि माझा अनुभव

गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती, ती आधी सांगते. गाडीचा इन्शुरन्स बाहेरून काही झालं तर असतो. गाडी ठोकली, पेटली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली, वर झाड पडलं, तर. गाडीच्या आतलं काही आपलं आपण बिघडलं, गिअरबॉक्स गेला, एसीचा कॉम्प्रेसर गेला, स्टिअरिंगची मोटर गेली, तर इन्शुरन्सवाले एक रुपया देत नाहीत, मग तुम्ही कितीही फुल इन्शुरन्स काढलेला असू दे. त्याला वेगळा कागद लागतो, एक्स्टेंडेड वॉरंटी. हे दोन वेगळे कागद आहेत, दोघांच्या अटी वेगळ्या, आणि बहुतेकांकडे एकच असतो नाहीतर दोन्ही असतात पण कुठला कधी वापरायचा ते माहीत नसतं. मला दोन्ही वापरावे लागले, आठ महिन्यांच्या अंतराने, म्हणून सविस्तर लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मूळ पॉलिसीची भाषा सगळ्या कंपन्यांची जवळजवळ सारखीच असते, ती जुन्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेली आहे, त्यामुळे माझं जे झालं ते तुमच्या कंपनीतही तसंच होऊ शकतं.

माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ऑटोमॅटिक म्हणजे ती एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीनच टाकतं), ऑगस्ट २०१९ ची. घेताना शोरूमवाला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून खूप मागे लागला होता, मी नकोच म्हणत होते, पण माझ्या मिस्टरांनी सांगितलं की एएमटी आहे, घेऊन टाक. दोन वर्षांची कंपनीची आणि वर तीन वर्षांची वाढीव, म्हणजे पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. साधारण तेरा हजार गेले. तेव्हा मला ते पैसे फुकट गेल्यासारखे वाटले होते.

नोव्हेंबर २०२३. आई साताऱ्याला असते, मी महिन्यातून दोन शनिवार तिच्याकडे जाते. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीने एकदम ओढच सोडली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, आणि डिस्प्लेवर गिअरच्या आकड्याच्या जागी एन लुकलुकतोय. मागे उसाचा ट्रेलर, त्याच्या मागे एसटी, सगळे हॉर्न मारतायत. हँडब्रेक ओढून, इंडिकेटर लावून, मागच्या चाकाला एका ट्रक ड्रायव्हरने दगड लावून दिला तेव्हा जरा जीवात जीव आला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं याचं अजून वाईट वाटतं.

पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्सचं अ‍ॅड-ऑन (म्हणजे मूळ पॉलिसीवर जास्तीचे पैसे भरून घेतलेलं कव्हर) होतं, अ‍ॅपमधून लोकेशन पाठवलं, एक तास चाळीस मिनिटांनी फ्लॅटबेड आला आणि गाडी साताऱ्याच्या ऑथराइज्ड वर्कशॉपला नेली. टोइंगचा एक पैसा घेतला नाही. आणि इथेच माझा गैरसमज झाला, जो मला वाटतं बऱ्याच जणांचा होतो. इन्शुरन्स कंपनीने टोइंग पाठवलं म्हणजे रिपेअरही तेच करणार असं मी धरून चालले. वर्कशॉपमधूनच कस्टमर केअरला फोन लावला, क्लेम नोंदवायचाय म्हटलं. समोरच्या मुलीने दोन प्रश्न विचारले, गाडी कशाला धडकली का, खालून काही लागलं का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, मग हे मेकॅनिकल ब्रेकडाउन झालं. टोइंग आमच्याकडे कव्हर आहे, रिपेअर नाही." मी वाद घातला, झिरो डेप आहे (पार्टच्या किमतीतून घसारा कापू नये म्हणून घेतलेलं अ‍ॅड-ऑन), बंपर टू बंपर आहे, सगळं सांगितलं. तिने शांतपणे पॉलिसीतला एक्सक्लूजनचा मुद्दा वाचून दाखवला. घरी आल्यावर मी पीडीएफ उघडून बघितलं, खरंच लिहिलेलं आहे, झीज, घसारा, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड, यातलं काहीही देणार नाही. चार वर्षं ते माझ्या ईमेलमध्ये पडून होतं. ती मुलगी बरोबर होती, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की पॉलिसी विकताना "काहीही झालं तरी कव्हर आहे" असं फोनवर सांगितलं जातं आणि नेमकं हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही.

वर्कशॉपचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर चांगला होता. तो म्हणाला, "ताई, इन्शुरन्स सोडा, वॉरंटी बघू का तुमची?" चेसिस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली, ऑगस्ट २०२४ पर्यंत व्हॅलिड. गाडी तेव्हा ५८ हजार किलोमीटर चाललेली. मग त्याने सर्व्हिस हिस्टरी काढली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण करोनाच्या वर्षात एक सर्व्हिस मी उशिरा केली होती. वॉरंटीत ही अट असते की सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि ऑथराइज्ड वर्कशॉपलाच झाल्या पाहिजेत, एक जरी बाहेरच्या मेकॅनिककडे केली किंवा सोडून दिली तरी ते हात वर करू शकतात. माझी ती उशिराची सर्व्हिस सवलतीच्या मुदतीत बसली म्हणून वाचले.

एएमटीचं अ‍ॅक्च्युएटर किट गेलं होतं. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या पायाऐवजी आणि हाताऐवजी ते करतं, त्यातलं ऑइलचं प्रेशरच बनत नव्हतं. पार्ट आणि लेबर मिळून ४६ हजार, सगळे वॉरंटीत. क्लच प्लेटचा सेट मात्र माझ्या खिशातून, ११,२०० रुपये, कारण क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर या झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीत येत नाहीत. पार्ट यायला नऊ दिवस लागले, तेवढे दिवस स्वारगेटहून एसटीने गेले-आले. तेरा हजाराच्या वॉरंटीने ४६ हजार वाचवले. एक्स्टेंडेड वॉरंटीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण क्लच प्लेट येणार नाही हे विकताना सांगितलं नव्हतं.

आता दुसरं, जे जास्त मोठं आहे.

आम्ही सिंहगड रोडला राहतो, एकतानगरीपासून जवळच. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्याचं पाणी मुठेतून सोसायट्यांमध्ये शिरलं हे पुण्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. आमच्या पार्किंगमध्ये पावणेपाचला वॉचमनने बेल वाजवली तेव्हा पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं, आम्ही खाली पोचेपर्यंत दाराच्या हँडलपाशी. काही करता येण्यासारखं नव्हतंच. दुपारी पाणी उतरलं तेव्हा गाडीच्या सीटवर गाळाचा थर, डॅशबोर्डखालच्या कप्प्यात पाणी साचलेलं, आणि गिअर लिव्हरला कुणाच्या तरी घरातलं वाहून आलेलं झेंडूचं सुकं तोरण अडकलेलं.

माझा मामा मुंबईत कालिन्याला असतो. २६ जुलै २००५ ला, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची गाडी बुडाली होती. सकाळी बातम्या बघून त्याने फोन केला आणि पहिलं वाक्य हे म्हणाला, "चावीला हात लावू नकोस. स्टार्ट करून बघायचं सुद्धा नाही. पाणी उतरलं की बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि फोटो काढ, बस." त्याने २००५ मध्ये स्टार्ट करून बघितली होती.

याचं कारण वर्कशॉपला गेल्यावर नीट कळलं. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबली जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. कधी इंजिनचा ब्लॉकच फुटतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. आणि इन्शुरन्सच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे साधी पॉलिसी पूर धरते, पण तुम्ही स्टार्ट केल्यामुळे जे इंजिन गेलं ते पुरामुळे नाही, पुरानंतर तुमच्या करण्यामुळे गेलं, कॉन्सिक्वेन्शियल लॉस, असं म्हणून ते बाजूला काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. माझं होतं. वर्षाला साडेआठशे रुपये अधिक जीएसटी.

आमच्याच मजल्यावरच्या काकांनी त्या दिवशी दुपारी तीनदा स्टार्टर मारला. तिसऱ्यांदा टक्क असा आवाज झाला तो मी जिन्यात उभी राहून ऐकलाय. त्यांच्याकडे झिरो डेप होतं, इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. सीट, कार्पेट, वायरिंग, साफसफाई एवढं कंपनीने दिलं आणि इंजिनचे लाखाच्या वरचे पैसे त्यांनी स्वतः भरले. रिटायर्ड माणूस. म्हणून मी हे सगळ्यांना सांगत असते, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट हे एक नाही, एजंट दोन्ही मिळून बंपर टू बंपर म्हणतात आणि आपल्याला वाटतं सगळं आलं.

क्लेम अ‍ॅपवर त्याच दिवशी नोंदवला. आरसी, लायसन्स, पॉलिसी, पीयूसी, क्लेम फॉर्म, आणि पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचे फोटो. ते फोटो फार कामाला आले, पाणी हँडलपर्यंत होतं आणि नंबर प्लेट दिसत होती असे दोन फोटो पुरेसे ठरले. गाडी क्रेनने उचलून वर्कशॉपला गेली, त्या आठवड्यात वर्कशॉपच्या बाहेर रस्त्यावर बुडालेल्या गाड्यांची रांग होती, माझा नंबर यायला सहा दिवस लागले.

सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, आला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले आणि तुम्हीही राहा असं सांगेन. त्याने बॉनेट उघडून सगळ्यात आधी डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या कागदावर पुसली. तेल काळं नाही, तपकिरी नाही, दूध जास्त झालेल्या चहासारखं, आणि वर साय धरल्यासारखा फेस. म्हणजे इंजिनमध्ये पाणी गेलेलं. मग एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर पिळला तर पाणी निघालं. मग मेकॅनिकला चारही स्पार्क प्लग काढायला लावले आणि इंजिन हाताने, पान्याने फिरवून बघितलं. प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं पाणी उडालं पण इंजिन मोकळं फिरलं, कुठे अडकलं नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, स्टार्ट नाही केली ना तुम्ही? वाचलं इंजिन." मी तिथूनच मामाला फोन केला.

त्यामुळे ब्लॉक आणि रॉड वाचले, पण हेड खोलून साफ करणं, ऑइल तीनदा टाकून काढणं, स्टार्टर मोटर, अल्टरनेटर, सेन्सर, दोन सीटचे फोम, दारांची मोटर, आणि इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला ते ईसीएम म्हणतात, असं सगळं धरून बिल झालं १,३८,४०० रुपये. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ३ लाख ९० हजार होती. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात आणि गाडी त्यांच्याकडे जाते, आपली त्यात बसली नाही, रिपेअरच झाली.

आता बिलात कशाचं काय झालं ते सांगते कारण हे कोणीच सांगत नाही. लेबर ३५,१५० रुपये, ते पूर्ण मिळालं, लेबरवर घसारा नसतो. पार्ट साधारण ९० हजारांचे, त्यात प्लॅस्टिक-रबरचे ३० हजार आणि बाकी ६० हजार. झिरो डेप नसतं तर प्लॅस्टिक-रबरवर सरसकट ५० टक्के कापले असते, गाडी नवी असो की जुनी, आणि बाकी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. म्हणजे पंधरा हजार आणि एकवीस हजार, छत्तीस हजार माझे गेले असते. ते झिरो डेपने वाचवले. बॅटरी ५,४०० ची, माझ्या झिरो डेपमध्ये बॅटरी आणि टायर धरलेले नव्हते त्यामुळे तिचे निम्मे २,७०० माझे. इंजिन ऑइल, कूलंट, ग्रीस, एसीचा गॅस, नट-बोल्ट या सगळ्याला कन्झ्युमेबल म्हणतात, ते ७,८५० चे पूर्ण माझे, कारण कन्झ्युमेबल कव्हर वर्षाला तीन-चारशे रुपये वाचवायला मी काढून टाकलं होतं. पुराच्या गाडीत तेलच तीनदा बदलतात हे कुठे माहीत होतं. आणि कंपल्सरी डिडक्टिबल १,००० रुपये, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एवढे भरावेच लागतात. माझ्या खिशातून एकूण ११,५५० आणि कंपनीने दिले १,२६,८५०, कॅशलेस, थेट वर्कशॉपला.

हे वाचून वाटेल की सगळं सरळ झालं, तसं झालं नाही. पहिल्या मंजुरीत ईसीएमचे २८ हजार उडवले होते. शेरा होता, इलेक्ट्रिकल बिघाड, पॉलिसीत बसत नाही. म्हणजे खंबाटकीला जे वाक्य माझ्या विरोधात बरोबर होतं तेच वाक्य इथे चुकीच्या जागी लावलं होतं. खंबाटकीला किट आपोआप गेलं होतं. इथे कॉम्प्युटर पाण्यात बुडून गेला होता. बिघाड इलेक्ट्रिकल आहे पण कारण पूर आहे, आणि पूर पॉलिसीत आहे.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, सोडून द्या, अर्धे-अर्धे करून घेऊ." मी नाही सोडलं. वर्कशॉपकडून लेखी रिपोर्ट मागितला, ईसीएम उघडून त्याच्या कनेक्टरच्या पिनांचे फोटो घ्यायला लावले, पिनांवर हिरवट गंज चढलेला आणि आतल्या पाटीवर गाळाची रेघ स्पष्ट दिसत होती, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून काढलेला तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. ते जोडून कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला ईमेल केला, त्यात तीनच मुद्दे लिहिले. पाणी कुठपर्यंत होतं, ईसीएम गाडीत कुठे बसवलेला असतो, आणि त्याच्या आत गाळ सापडला. रागाचा एक शब्द लिहिला नाही. आठ दिवसांनी "विचाराधीन आहे" एवढंच उत्तर आलं, परत ईमेल केला, सोळाव्या दिवशी पूर्ण रक्कम मंजूर.

नसती झाली तर पुढचा रस्ता मी काढून ठेवला होता. इन्शुरन्स ओम्बड्समन म्हणजे विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर तिथे जायचं, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. याशिवाय आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, बीमा भरोसा पोर्टल आहे, तिथेही तक्रार टाकता येते. माझ्या दुसऱ्या ईमेलमध्ये मी फक्त एवढं लिहिलं होतं की आपल्याकडून निर्णय आला नाही तर मी लोकपालांकडे जाईन. त्याने फरक पडला असं मला वाटतं.

गाडी घरी आली एकेचाळीस दिवसांनी. क्लेम सर्व्हिसला पाचपैकी तीन. पैसे दिले, खरं आहे, पण जो माणूस पहिली मंजुरी बघून गप्प बसला असता त्याचे २८ हजार गेले असते, आणि त्या रांगेत माझ्यासारख्या किती गाड्या होत्या. इंजिन प्रोटेक्टला मात्र पाचपैकी पाच. सखल भागात राहत असाल, पार्किंग बेसमेंटला असेल, नदी-ओढा जवळ असेल, मग ते पुणे असो, सांगली-कोल्हापूर असो, मुंबईत असो, इतर कुठलंही अ‍ॅड-ऑन काढून टाका पण हे ठेवा.

एनसीबीचं पण सांगते. नो क्लेम बोनस, क्लेम नाही केला की दरवर्षी ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी सूट वाढत जाते. माझा ४५ वर आलेला, पुढच्या महिन्यात ५० झाला असता, क्लेममुळे शून्य. सव्वा लाखाच्या क्लेमला त्याचं काही वाटत नाही, पण बंपरला ओरखडा आला, तीन-चार हजारांचं काम आहे, तर क्लेम करू नका. माझा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ६,८०० च्या आसपास आहे, ५० टक्के म्हणजे वर्षाला ३,४०० ची सूट, ती जाते आणि परत ५० वर यायला पाच वर्षं लागतात. माझ्या बहिणीने साइड मिररसाठी क्लेम केला होता, हिशोब केल्यावर तिला स्वतःलाच तोटा झाला.

रिन्यूअलच्या वेळी, ऑगस्ट २०२४ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. गाडीला पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून कंपनीने जी रिन्यूअल लिंक पाठवली त्यात इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप दोन्ही नव्हते. मेसेजमध्ये लिहिलेलं, तुमची पॉलिसी रिन्यू करा, एक क्लिक. प्रीमियम कमी दिसत होता त्यामुळे कोणालाही बरंच वाटलं असतं. महिनाभर वाचून पॉलिसीचे कागद मला पाठ झाले होते म्हणून लक्षात आलं. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर ही अ‍ॅड-ऑन देत नाहीत, काही सात वर्षांपर्यंत देतात, शोधावं लागतं. कृपा करून रिन्यू करताना मागच्या वर्षीची पॉलिसी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून बघा.

आणि एका एजंटने मला फोनवर सुचवलं की, "नवीन कंपनीत जाताय ना, मागच्या वर्षी क्लेम नाही झाला असंच टाकू, ५० टक्के एनसीबी लावून देतो." अजिबात करू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारते, आणि पुढे क्लेम आला की तुमचं खोटं बाहेर येऊन क्लेमच जातो. दोन-तीन हजार वाचवायला लाखाचा कागद रद्दी करायचा का.

शेवटी दुसरी कंपनी मिळाली, गाडीचा व्हिडिओ काढून पाठवायला लावला, चारही बाजू, बॉनेटखाली, चेसिस नंबर, चालू इंजिनचा आवाज. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, आणि या वेळी कन्झ्युमेबलसुद्धा. थर्ड पार्टीचे (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचे) ३,४१६ धरून आणि १८ टक्के जीएसटी धरून पंधरा हजाराला थोडे कमी. थर्ड पार्टीचा तो दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या सगळ्या खासगी पेट्रोल-डिझेल गाड्यांना सारखाच, त्यात कोणी डिस्काउंट देतो म्हणाला तर संशय घ्या. २०२५ च्या रिन्यूअलला २० टक्के एनसीबी परत सुरू झाला.

एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र संपली, पाच वर्षांच्या पुढे माझ्या गाडीला मिळाली नाही. ज्यांची अजून चालू आहे त्यांनी मूळ वॉरंटी संपायच्या आत वाढवून घ्या, संपल्यावर सहसा देत नाहीत, दिली तरी तपासणी आणि जास्त पैसे. आता आतलं काही बिघडलं तर माझ्या नावावर कुठलाच कागद नाही, त्यासाठी मी बँकेत महिन्याला दीड हजाराची आरडी उघडलीये, नाव गाडीचं. मागच्या मार्चमध्ये एसीचा कंडेन्सर लीक झाला, आठ हजार, तिथून काढले.

एक गोष्ट अजून राहिली आहे. कार्पेट. सर्व्हेअरने बदलायला मंजुरी दिली नाही, धुवून वाळवून होईल म्हणाला, वर्कशॉपने धुतलं, वाळवलं, परफ्यूम मारून दिलं. उन्हाळ्यात काही कळत नाही. पहिला पाऊस पडला आणि काचा बंद करून दहा मिनिटं गाडी चालवली की ड्रायव्हर सीटच्या खालून त्या दिवशीच्या पार्किंगचा वास येतो, तसाच, गाळाचा आणि ड्रेनेजचा मिळून. आई मागच्या महिन्यात गाडीत बसली आणि काही न बोलता तिने काच खाली केली. क्लेम सर्व्हिसच्या दोन कापलेल्या स्टारमधला एक या कार्पेटचा आहे, आणि ज्यांची गाडी बुडाली असेल त्यांनी सर्व्हेअर समोर असतानाच कार्पेट उचलून खालचं फेल्ट हाताने दाबून दाखवा, त्यातून पाणी येतं, आणि ते बदलायची मंजुरी तिथल्या तिथे लिहून घ्या.